ट्रकमालकाला हायब्रिड कार का पटत नाही? : लिटर, लोड आणि रुपये प्रति किलोमीटर

हिशोबनीस
ड्रायव्हरशी पाव किलोमीटरच्या ॲव्हरेजवरून तासभर भांडणारा ट्रकमालक 28 चं ॲव्हरेज सांगणाऱ्या हायब्रिड (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) कारकडे ढुंकूनही बघत नाही. कारवाले याला अडाणीपणा म्हणतात. मला तो अडाणीपणा वाटत नाही, कारण त्याचा हिशोबच वेगळ्या एककात चालतो.

आकडे मांडते. दहा चाकी, 28 टन पासिंगची (मालासकट मंजूर वजनाची) गाडी वर्षाला 80,000 किमी धावली आणि लोडवर 4 चं ॲव्हरेज दिलं, तर 20,000 लिटर डिझेल जातं. तेच ॲव्हरेज 4.25 झालं की 18,824 लिटर. म्हणजे 1,176 लिटर वाचले. डिझेल 90 रुपये धरलं तर लाखाच्या वर गेले.

आता कार. वर्षाला 12,000 किमी. साधी पेट्रोल गाडी शहरात 14 देते, हायब्रिड 22 देते असं धरा. 857 लिटरचे 545 झाले, वाचले 312. पेट्रोल 104 रुपये धरलं तर साडेबत्तीस हजारांच्या आत.

एकीकडे पाव किलोमीटरची सुधारणा, दुसरीकडे आठ किलोमीटरची. तरी पैसा पहिल्यात तिप्पट. ज्याने आयुष्यभर पहिला हिशोब केला त्याला दुसरा खेळण्यातला वाटणारच. इथले गाडीमालक आणि गॅरेजवाले यावर काय म्हणतात?

दहाचाकी (कळंबोली)
ताई, हिशोब बरोबर आहे, पण नावड फक्त हिशोबाची नाही. ट्रकवाला गाडी बघताना दोनच प्रश्न विचारतो. लोडवर किती देते? आणि रस्त्यात बंद पडली तर कोण उघडणार? हायब्रिडच्या कागदावर दोन्हीची उत्तरं नसतात.

मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा (नुसत्या मोटरवरही चालू शकते ती) कागदी आकडा 27.97. हा प्रयोगशाळेतल्या रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या चाचणीचा सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास आणि कमाल 90, मध्ये थांबणं-निघणं भरपूर. हायब्रिडला मानवणारं असंच सगळं. पाच माणसं, वर सामान, एसी चालू आणि कशेडीचा चढ असली चाचणी कुणी घेत नाही. ट्रक विकताना कंपनी असा एक आकडा छापून मोकळी होत नाही, कारण मालक पहिलंच विचारतो, 'रिकामी की भरलेली?'

वंगण
दहाचाकीभाऊ, आकडा फुगीर असतो हे मान्य. पण त्यामागचं तंत्र फुगीर नाही. फायदा नेमका कुठून येतो ते समजलं की आपल्या फेऱ्यांना तो लागू पडतो का, हे ज्याचं त्याला ठरवता येईल.

तीन जागा आहेत. एक, ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद मोटर उलटी फिरून बॅटरीत टाकते. दोन, सिग्नलला आणि संथ गर्दीत इंजिन बंद राहतं. तीन, इंजिन ॲटकिन्सन पद्धतीचं असतं, म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. त्यात खालची ओढ कमी होते पण पेट्रोलचा कस जास्त निघतो, आणि कमी पडलेली ओढ मोटर भरून काढते.

सरळ हायवेवर ताशी शंभरने जाताना पहिल्या दोन जागा जवळजवळ शून्य होतात. राहतो फक्त तिसरा फायदा. म्हणून तीच गाडी शहरात 22 देते आणि एक्सप्रेसवेवर 18-19 वर येते. डिझेलवाल्याला हे उलटं वाटतं, कारण त्याची गाडी हायवेवर जास्त देते.

घाटाचंही सांगतो, कारण 'उतारावर फुकट चार्ज होते' हे अर्धसत्य आहे. ग्रँड व्हिटाराची बॅटरी 0.76 युनिटची. त्यातलाही मधलाच पट्टा वापरला जातो, पूर्ण रिकामी किंवा पूर्ण भरलेली ती कधीच होऊ देत नाहीत. माणसांसकट 1,600 किलोची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला सुमारे 550 मीटर उतरली तर 2.4 युनिट ऊर्जा सुटते. हवा आणि टायर निम्मी खातात. उरलेल्यातली घट वजा केली तरी बॅटरी अर्ध्या घाटातच भरते. मग मोटर पकड सोडते आणि इंजिन नुसतं फिरून गाडी अडवायला लागतं. आवाज वाढला म्हणून घाबरायचं नाही, ते ठरवूनच केलेलं आहे. लांब उतारावर गिअरचा दांडा आधीच 'बी'मध्ये टाका, म्हणजे ब्रेक पॅड तापत नाहीत.

नवशिका_मालक
मग हेच ट्रकमध्ये का बसवत नाहीत? 28 टन उतरवताना तर केवढी ऊर्जा मिळेल!

वंगण
मिळेल की. त्याच घाटात 28 टनांची 42 युनिट सुटतात. टायर-हवेत आठ-नऊ गेली तरी तीसच्या वर युनिटं ब्रेक ड्रम आणि एक्झॉस्ट ब्रेकमध्ये (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा ब्रेक) गरम हवा होऊन जातात. ती धरायची तर तेवढी मोठी बॅटरी, तेवढ्या ताकदीची मोटर आणि ते थंड ठेवायची सोय लागेल. तेवढं वजन वाढलं की पासिंगमधून माल कमी झाला. आणि कळंबोली ते इंदूर खेपेत असे घाट किती? बाकी सगळा रस्ता एका चालीचा, तिथे ते वजन नुसतं ओझं.

जिथे शंभर मीटरला थांबावं लागतं तिथे मोठ्या गाडीतही हायब्रिड चालतं. मुंबईत बीकेसीत 2018 मध्ये हायब्रिड बस आल्या. जपानमध्ये हिनोचा छोटा हायब्रिड ट्रक 2003 पासून आहे, तोही शहरातल्या वाटपासाठी. लांब पल्ल्यात नाही याचं कारण कंपन्यांचा आळस नाही.

टाकी_फुल
हायब्रिडवर एवढी शाई गेली, आता माझ्या आवडत्या विषयाला हात घालतो. हिशोबनीसताईंनी पाव किलोमीटर म्हटलं. ते गाडीत कुठे लपलेलं असतं? ड्रायव्हरने डिझेल विकलं असा संशय घ्यायच्या आधी ही तपासणी करा. निम्म्या वेळा चोर गाडीतच सापडतो.

व्हिस्कस फॅन. हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित. रेडिएटरच्या पंख्याच्या क्लचमध्ये सिलिकॉन तेल असतं, गरम झाल्यावर तो पकडतो. बिघडून जाम झाला की पंखा कायम पूर्ण वेगाने फिरतो आणि वीसेक अश्वशक्ती खातो. गाडी तापत नाही, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही. ओळखायचं असं: सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर दोन-तीन मिनिटं पंखा घोंघावेल, मग शांत व्हायला हवा. शांत झालाच नाही, हायवेवरही विमानासारखा आवाज येत राहिला, तर क्लच गेला. काही ठिकाणी मेस्त्री तापण्याच्या भीतीने बोल्ट मारून तो कायमचा जोडून टाकतात. तो बोल्ट वर्षभर डिझेल पितो.

ब्रेक धरणं. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकची ढिलाई जुळवणारा भाग) जास्त आवळला किंवा कॅम शाफ्टचं बुश सुकलं की लायनिंग ड्रमला घासत राहतं. तीस-चाळीस किमी चालवून, शक्यतो ब्रेक न मारता गाडी थांबवा आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं गरम असेल तर तिथे घासतंय किंवा बेअरिंग बसलंय. टेम्परेचर गन दोनशे-तीनशे रुपयांची नको, हजारभर रुपयांत बरी मिळते, ती ठेवाच.

इंटरकूलरचा होज. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्ड, या रबरी नळ्यांचा क्लिप ढिला झाला की दाबलेली हवा बाहेर. चढावर ओढ कमी, ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो, डिझेल जास्त. बीएस 4 पर्यंत काळा धूर दिसायचा म्हणून कळायचं. बीएस 6 मध्ये डीपीएफ (काजळी धरणारा फिल्टर) तो धूर अडवतो, म्हणून धूर दिसत नाही पण डीपीएफ लवकर भरतो. गाडी रिजनरेशन (साठलेली काजळी जाळणं) वारंवार मागू लागली तर आधी नळ्यांवर साबणाचं पाणी मारून बघा, डीपीएफ धुवायला नंतर पाठवा. प्रत्येक रिजनरेशनलाही डिझेल जळतंच.

टायर. थंड असताना, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीची हवा मोजायची. दहा टक्के कमी हवा म्हणजे साधारण टक्काभर डिझेल, आणि टायरचं आयुष्य त्याहून जास्त जातं. मागच्या जोडीतलं आतलं चाक कुणीच तपासत नाही, व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन नसेल तर बसवा. जोडीत एक नवा आणि एक घासलेला टायर लावला की मोठा टायर सगळं वजन घेतो, छोटा घसटत जातो. दोन्ही वाया.

यूरिया, म्हणजे डीईएफ. बीएस 6 ला डिझेलच्या साधारण 3 ते 5 टक्के लागतो. 32.5 टक्क्यांचंच द्रावण हवं. सुट्या ड्रममधला पाणीदार माल घातला की धुरातला विषारी वायू मोजणारा नॉक्स सेन्सर ओरडतो, आधी ताकद चतुर्थांशाने कापली जाते आणि तरी दुर्लक्ष केलं तर गाडी वीसच्या चालीवर येते. खराब मालाने नोझलला पांढरे खडे धरतात. रिफ्रॅक्टोमीटर घ्या, एका थेंबात टक्केवारी कळते.

दहाचाकी
व्हिस्कस फॅनला शंभर टक्के अनुमोदन. यात न्यूट्रल पण घाला. 'उतारावर न्यूट्रल मारला की डिझेल वाचतं' ही समजूत जुन्या पंपाच्या गाड्यांपासून आलेली आहे आणि अजून जात नाही.

टाकी_फुल
कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) इंजिनात गिअर टाकून पाय काढला की इंजेक्टर पूर्ण बंद. डिझेल शून्य, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतः चालू राहायला डिझेल लागतं, तासाला दोनेक लिटर. म्हणजे न्यूट्रल मारणारा उलट डिझेल जाळतो. एक्झॉस्ट ब्रेक निकामी, सगळा भार ड्रमवर, ड्रम तापले की लायनिंग पकड सोडतं. बोरघाटात ब्रेक फेल म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं न्यूट्रल असतं. सपाटीला लागायच्या शेवटच्या फर्लांगभर सोडून दिली तर चार थेंब वाचतील, त्यासाठी ती सवय लावू नका.

घाटमाथा
एक शंका. मालक खेपेला ठरलेल्या ॲव्हरेजने डिझेल देतो, वाचलं ते ड्रायव्हरचं. मग चांगलं ॲव्हरेज मालकाला कसं कळणार? ड्रायव्हर वाचवलेलं सांगेल कशाला?

हिशोबनीस
सांगणार नाहीच. त्या पद्धतीत सुधारणा कायम मालकापासून लपून राहते. फॅन क्लच नवा बसवला तरी ठरलेलं ॲव्हरेज तेच असतं, फायदा डब्यातून विकला जातो. याला पर्याय म्हणजे डिझेल फुल टू फुल (दर वेळी टाकी पूर्ण) भरायचं आणि ठरलेल्या आकड्याच्या वर वाचलेल्या लिटरचे निम्मे पैसे ड्रायव्हरला उघड द्यायचे. 80 रुपयांनी चोरून विकण्यापेक्षा 45 रुपये हक्काचे बरे की नाही, यावर मतभेद असतील. पण निदान आकडा खरा कळतो.

कराचाही एक कोपरा आहे. दहापर्यंत गाड्या असलेले बरेच मालक ठोक पद्धतीने (खरा नफा न दाखवता ठरावीक उत्पन्न धरून) आयकराचं विवरण भरतात. 12 टनांवरच्या गाडीला दरमहा टनामागे 1,000 रुपये उत्पन्न धरतात, 28 टनांना महिन्याला 28,000. त्यात डिझेलचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. म्हणजे वाचलेला लिटर सगळाच्या सगळा खिशात. शिवाय डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्यावरचा कर परत मिळण्याचाही प्रश्न नाही. ट्रकवाला लिटरवर एवढा टपून का असतो ते यात आलं.

डॅलसकर
इथे टेक्सासात 'ट्रक' म्हणजे पिकअप, पण नाराजी सारखीच. वीस वर्षं हायब्रिड म्हणजे प्रियस आणि प्रियस म्हणजे चेष्टा. त्याला सुरुंग ॲव्हरेजने लागला नाही. फोर्डने 2021 च्या एफ-150 मध्ये साडेतीन लिटरचं व्ही-सिक्स हायब्रिड दिलं आणि मागच्या हौद्यात 7.2 किलोवॉटपर्यंतचे वीज सॉकेट दिले. बांधकामवाल्याला वेगळा जनरेटर ओढायला नको. फेब्रुवारी 2021 च्या बर्फात टेक्सासची वीज गेली तेव्हा लोकांनी या गाड्यांवर घरं चालवली. पेट्रोल वाचतं म्हणून जे विकलं गेलं नाही ते करवत चालते म्हणून विकलं गेलं.

ॲव्हरेज म्हणाल तर टू-व्हील ड्राइव्हला 25 मैल प्रति गॅलन, म्हणजे आपल्या भाषेत साडेदहा. मागे जड ट्रेलर लावला की जवळपास निम्मं होतं आणि साध्या इंजिनाशी फरक उरत नाही. वंगण यांनी सांगितलेलंच कारण, हायवेवर भार ओढताना इंजिन थांबतच नाही. छोट्या मॅव्हरिकचा हायब्रिड मात्र शहरात 42 मैल, जवळपास 18 किमी देतो.

आणि हिशोबनीस ताईंचा मुद्दा इथे अभ्यासूनही झाला आहे. लॅरिक आणि सोल यांनी 2008 मध्ये दाखवलं की माणसं गॅलनमागे मैल बघून फसतात, वाचलेलं इंधन मोजत नाहीत. म्हणून 2013 च्या मॉडेलपासून गाडीच्या काचेवरच्या कागदावर शंभर मैलांना किती गॅलन हेही छापतात.

नवशिका_मालक
मग घरच्या वापराला हायब्रिड घ्यायची का नाही, एका वाक्यात सांगा ना कुणीतरी.

हिशोबनीस
एका वाक्यात सांगणारे सेल्समन असतात. साधी पेट्रोल गाडी आणि स्ट्राँग हायब्रिड यात अडीच लाखांचा फरक धरा. शहरात 14 विरुद्ध 22: किलोमीटरला 7.43 आणि 4.73, वाचले 2.70. अडीच लाख वसूल व्हायला 92,600 किमी. फक्त हायवे असेल तर 16.5 विरुद्ध 19: वाचतात 83 पैसे, तीन लाख किमी लागतील. पुण्यात रोज हिंजवडी-हडपसर करणाऱ्याला चार-पाच वर्षांत सुटते. महिन्यातून दोनदा सोलापूरला जाणाऱ्याला कधीच नाही. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉलचा कस पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, त्यामुळे जुन्या आकड्यांतून सगळ्याच पेट्रोल गाड्यांचे सहाएक टक्के वजा करा.

महाराष्ट्रात इलेक्ट्रिकला मिळते तशी रोड टॅक्सची सूट हायब्रिडला नाही. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये दिली म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं, ते तिकडचं.

दहाचाकी
आणि टोयोटाची इनोव्हा क्रिस्टा सोडून हायब्रिड हायक्रॉस घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. क्रिस्टा लॅडर फ्रेम (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर), मागच्या चाकांची ओढ, डिझेल. हायक्रॉस मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा), पुढच्या चाकांची. ॲव्हरेजमध्ये हायक्रॉस जिंकते, शहरात तर फारच. पण साइटवर खडीच्या चढावर मागे सामान भरलं की पुढची चाकं हलकी होतात. ट्रकवाला जातो तिथला रस्ता बघून गाडी घेतो, तो चुकत नाही.

वंगण
घेतलीच तर गॅरेजच्या चार गोष्टी, कारण यात आपले ट्रकचे मेस्त्री हमखास हात पोळतात.

बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधून खेचली जाते, मागच्या सीटजवळ जाळी असते. त्यावर पिशव्या, चादर ठेवू नका. जाळीमागचा फिल्टर धुळीने भरला की पंखा ओरडतो, बॅटरी तापते, आणि लोक बॅटरी गेली म्हणून रडतात. टोयोटाची हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी वॉरंटी आहे.

एसीचा कॉम्प्रेसर बेल्टवर नाही, मोठ्या व्होल्टेजवर चालतो. त्यात नेहमीचं पॅग तेल चालत नाही, पीओई जातीचंच लागतं. नाक्यावरच्या एसीवाल्याने सवयीने पॅग मारलं की आतलं विद्युतरोधन कमजोर होतं, गळतीचा कोड येतो आणि गाडी उभी. गॅस भरणाऱ्याचं मशीन आधी कुठल्या तेलाने वापरलं होतं तेही विचारा.

नारिंगी केबलला (मोठ्या व्होल्टेजची) हात नाही. उघडायचंच असेल तर सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा) काढून दहा मिनिटं थांबायचं, कपॅसिटर रिकामा व्हायला वेळ लागतो.

टोइंग करताना पुढची चाकं उचललेलीच हवीत. जमिनीवर ठेवून दोरीने ओढली तर मोटर वीज तयार करत राहते.

घाटमाथा
आणि जंप स्टार्ट? ट्रकच्या अड्ड्यावर कार बंद पडली तर आजूबाजूला ट्रकच असणार.

वंगण
हे लिहायलाच हवं होतं. हायब्रिडला वेगळा स्टार्टर नाही, पण कॉम्प्युटर जागा करायला छोटी 12 व्होल्टची बॅटरी लागते. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मेलेली. ट्रक 24 व्होल्टचा. त्याच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीच्या दोन्ही टोकांना केबल लावली की कारचा कॉम्प्युटर संपला.

ट्रकच्या दोन बॅटऱ्यांपैकी जिची वजा तार चासीला गेली आहे ती ओळखा, फक्त तिच्याच दोन टोकांचा वापर करा. ट्रकचं इंजिन बंद. दोन्ही गाड्यांचा पत्रा एकमेकांना लागलेला नको. आधी अधिकच्या केबली: ट्रकची बॅटरी आणि कारचं माहितीपुस्तकात दाखवलेलं अधिक टोक. मग वजा: ट्रकची बॅटरी आणि कारच्या इंजिनजवळचा रंग नसलेला बोल्ट. पाच मिनिटं थांबा, ब्रेक दाबून बटण दाबा. 'रेडी' दिवा लागला की उलट क्रमाने केबली काढा. इंजिनचा आवाज आला नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका, दिवा लागला म्हणजे गाडी चालू आहे. आणि या कारवरून ट्रक चालू करायला जाऊ नका, तेवढा करंट तिच्या छोट्या बॅटरीत नाही.

टाकी_फुल
मोजणीचं राहिलं, तेवढं टाकून जातो. फुल टू फुल करताना तोच पंप, तीच नोझल, गाडी तशीच सपाट उभी, पहिल्या कटला थांबायचं. राउंड फिगर करायला वर ओतायचं नाही. ट्रकला किमान तीन टाक्या झाल्याशिवाय आकड्यावर बोलू नका. शंका आली तर पंपावर 5 लिटरचं माप मागा, 25 मिली कमी-जास्त चालतं, त्याहून फरक असेल तर तक्रार करा.

आणि टायर बघा. दहा-वीसच्या (10.00-20 मापाच्या) टायरचा व्यास सुमारे 1,050 मिमी. 14 मिमी नक्षी घासली की व्यास 28 मिमीने कमी, म्हणजे मीटर पावणेतीन टक्के जास्त किमी दाखवतो. जुन्या टायरवर 4.1 दिसत होतं आणि नवे टाकल्यावर 4.0 झालं म्हणून ड्रायव्हरला झापू नका. किमी जीपीएसचे धरा.